मांडी म्हणजे सीट नव्हे

लहान मुलांच्या कुटुंबासाठी सेकंड-हँड मोठी गाडी निवडताना

गेल्या बकरी ईदला मुंब्र्याहून गावी, म्हसळ्याकडे निघालो तेव्हा आमच्या पाच सीटच्या छोट्या गाडीत आम्ही सहा जण होतो. आम्हा दोघांपैकी एक स्टिअरिंगवर. शेजारी अम्मी आणि त्यांच्या मांडीवर दहा महिन्यांची धाकटी. मागे सात वर्षांचा थोरला, चार वर्षांची मधली, त्यांच्यामध्ये आम्हा दोघांपैकी दुसरं आणि पायाशी पिशव्या. आपल्यातल्या बहुतेक घरांत प्रवास असाच होतो, त्यामुळे त्यात काही वावगं आहे असं मनातही आलं नाही.

वडखळच्या पुढे एक रिक्षा अचानक आडवी वळली. ब्रेक दाबला, गाडी थांबली. टक्कर झाली नाही, कुणाला ओरखडाही आला नाही. पण अम्मींच्या हातांतून धाकटी पुढे सरकली आणि तिचं कपाळ डॅशबोर्डवर आपटलं. नागोठण्यात डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासून घाबरण्यासारखं काही नाही म्हणून सांगितलं. दोन दिवसांत सूज उतरली, अल्हमदुलिल्लाह. अम्मी मात्र घर येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. दारात उतरताना एवढंच म्हणाल्या, "मी घट्ट धरलं होतं रे तिला."

ते खरंच होतं. त्यांनी घट्टच धरलं होतं. चूक त्यांच्या हातांची नव्हती. सहा माणसांना पाच सीटच्या गाडीत बसवलं, ही चूक आमची होती.

नंतर आम्ही साधा हिशेब मांडला. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असताना कशावर तरी आदळून अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर आतल्या प्रत्येक माणसाला त्याच्या वजनाच्या जवळजवळ वीस पट जोराने पुढे फेकलं जातं. म्हणजे ९ किलोचं बाळ त्या क्षणी पावणेदोनशे किलोच्या पोत्यासारखं हातांतून निसटतं. आईचे असोत की दादीचे, कुणाचेही हात तेवढं धरू शकत नाहीत. आमचा तर नुसता ब्रेक लागला होता.

कायदाही हेच सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार १४ वर्षांखालील मूल सीट बेल्टने किंवा मुलांच्या खास सीटने बांधलेलं नसेल, तर १,००० रुपये दंड आहे. पण दंडाच्या भीतीने नव्हे, अम्मींच्या त्या एका वाक्याने आम्ही मोठी गाडी शोधायला निघालो. चार महिने शोधली. त्यात जे शिकलो ते वाचक बंधू-भगिनींच्या उपयोगी पडावं म्हणून लिहीत आहोत.

आधी घरची माणसं बसवा

बाजारात गेल्यावर पहिला प्रश्न "बजेट किती?" असा येतो. आम्ही कागदावर आधी वेगळाच प्रश्न लिहिला: कोण कुठे बसणार? एक माणूस, एक सीट, एक बेल्ट. मांडी मोजायची नाही.

सहा माणसं म्हटल्यावर सात सीटची गाडी आली. पण "सेव्हन सीटर" एवढं ऐकून भुलू नये. तिसऱ्या रांगेत गुडघेदुखी असलेली अम्मी चढू शकत नाही. मधल्या रांगेच्या मधल्या सीटला जुन्या गाड्यांत बहुधा फक्त कमरेचा बेल्ट असतो. मुलांची बूस्टर सीट, म्हणजे मुलाला उंच करून बेल्ट मानेऐवजी खांद्यावरून नेणारी गादी, खांदा आणि कंबर दोन्ही धरणाऱ्या बेल्टशिवाय उपयोगाची नाही. त्यामुळे कागदावरच्या सात सीटपैकी लहान मुलांसाठी खऱ्या अर्थाने वापरता येणाऱ्या सीट कमीच निघतात.

आमची मांडणी शेवटी अशी ठरली. पुढे अम्मी, कारण तिथे चढणं-उतरणं सोपं. मधल्या रांगेत डाव्या बाजूला धाकटीची सीट, मागे तोंड करून लावलेली, आणि उजव्या बाजूला आम्हा दोघांपैकी एक. तिसऱ्या रांगेत थोरला बूस्टरवर आणि मधली तिच्या स्वतःच्या पट्ट्यांच्या सीटमध्ये.

धाकटीची सीट एकदा घट्ट बसवली की त्या बाजूची मधली सीट दुमडता येत नाही. मग तिसऱ्या रांगेत जायचं तर दुसऱ्या बाजूनेच. म्हणून मोठ्या माणसाची जागा त्या बाजूला. मुलं आधी चढतात, मग सीट सरळ करून मोठं माणूस बसतं. हे दुकानात कुणी सांगत नाही. दोन्ही बाजूंना मुलांच्या सीट लावून मोकळे झालेले एक नातेवाईक आजही दर वेळी एक सीट काढून मुलाला मागे पाठवतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मागे तोंड करून बसवलेलं बाळ एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीही ठेवू नये. एअरबॅग उघडली तर ती बाळाच्या सीटच्या पाठीवरच आदळते. बाळ लहान, म्हणून डोळ्यांसमोर पुढे घ्यावं असं वाटतं. तिथेच धोका जास्त.

कोणत्या गाड्या पाहिल्या

आमच्या आवाक्यातली सगळ्यांत स्वस्त म्हणजे मारुती ईको. दार सरकतं, आत मोकळी जागा भरपूर, दुरुस्ती कुठेही होते. पण २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या ईकोला शून्य तारे मिळाले होते. आमच्या पैशांत त्याच सुमाराच्या गाड्या येत होत्या, म्हणून ती सोडली.

टोयोटा इनोव्हा सर्वांची लाडकी. २००५ ते २०१६ पर्यंतची जुनी इनोव्हा मजबूत आणि ऐसपैस. मात्र आमच्या पैशांत २०१२-१३ ची येत होती. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर फिटनेस तपासून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, आणि २०२२ मध्ये कारच्या या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली. घेतल्यावर थोड्याच वर्षांत तो दरवाजा गाठायचा नव्हता. शिवाय जुन्या इनोव्हांपैकी बऱ्याच टॅक्सी म्हणून राबलेल्या असतात.

रेनॉ ट्रायबर २०१९ मध्ये आली. लांबी चार मीटरच्या आत, तिसऱ्या रांगेच्या सीट सुट्या काढता येतात. २०२१ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत तिला मोठ्यांसाठी चार आणि मुलांसाठी तीन तारे होते. गल्लीबोळात राहणाऱ्या, एक-दोन मुलं असलेल्या घराला ती छान. आम्ही सहा जण बसून चढावर नेली तेव्हा तिचं एक लिटरचं इंजिन धापा टाकू लागलं, आणि तिसरी रांग उभी असताना डिकीत ८४ लिटरच जागा उरते. आमच्या वाटेवर घोणसे घाट आहे.

महिंद्रा मराझो २०१८ ची. मोठ्यांसाठी चार तारे, मुलांसाठी दोन. आत सर्वांत ऐसपैस. पण आम्हाला हव्या त्या किमतीत चांगली मिळाली नाही.

शेवटी नजर २०१८ च्या नोव्हेंबरनंतर आलेल्या दुसऱ्या पिढीच्या अर्टिगावर ठरली. तिच्यात बाळाची सीट थेट गाडीच्या सांगाड्याला अडकवायचे आयसोफिक्सचे हूक आहेत. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या सगळ्या कारमध्ये चालकाची एअरबॅग, बेल्ट न लावल्याची सूचना, वेगाची सूचना आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. अंगणात रांगणारं मूल असलेल्या घराला ते मागचे सेन्सरच मोलाचे. म्हणून जुनी गाडी घेताना नोंदणीचं नव्हे, बनावटीचं साल आणि महिना पाहावा.

अर्टिगा निर्दोष आहे असं नाही. २०१९ च्या चाचणीत तिला मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी तीन-तीन तारे होते. निकष कडक झाल्यावर २०२४ मध्ये मोठ्यांसाठी एक आणि मुलांसाठी दोनच मिळाले. तिसऱ्या रांगेची पाठही मागच्या काचेजवळ येते. हे माहीत असूनच घेतली, आणि म्हणून वेग ताशी ८० च्या खाली ठेवायचं घरात ठरलं.

सीएनजीचा मोह

सगळे म्हणाले, सीएनजी घ्या, खर्च वाचेल. खर्च वाचतो, यात शंका नाही. पण अर्टिगात सीएनजीची टाकी तिसऱ्या रांगेमागे डिकीत बसते. एरवी तिन्ही रांगा उभ्या असताना तिथे २०९ लिटर जागा असते, ती बहुतेक टाकीच खाते. सहा माणसं, बाळाचे लंगोट, ईदचे कपडे, अम्मींच्या पिशव्या हे सगळं मग पुन्हा पायाशी आणि मांडीवर येतं. सामान सैल असलं तर ब्रेक लागताच तेही उडतं. रोज पन्नास-साठ किलोमीटर जाणाऱ्यांचं गणित वेगळं. आमची गाडी वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर चालते, म्हणून आम्ही पेट्रोल घेतली. सीएनजी घेणाऱ्यांनी टाकीच्या तपासणीची तारीख मात्र पाहावी. ती तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते.

पैसा: व्याज नको

हा मुद्दा आमच्या घरी सर्वांत मोठा होता. फायनान्सवाला दारात यायला तयार होता. सहा लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १३ हजारांच्या घरात जातो आणि व्याजच सुमारे १ लाख ८२ हजार भरावं लागतं. पण आमच्यासाठी प्रश्न रकमेचा नव्हता. मुलांच्या हिफाजतीसाठी गाडी घ्यायची आणि तिची सुरुवात रिबाने करायची, हे मनाला पटेना. मग ठरलं, जेवढे पैसे तेवढी गाडी. चार वर्षं जुनी नाही परवडली तर सहा वर्षं जुनी घेऊ.

साठवलेले साडेतीन लाख होते. जुन्या गाडीचे १ लाख ६० हजार आले. ऑफिसातल्या भिशीचा नंबर लागला त्याचे दीड लाख. ही भिशी चिठ्ठीची, लिलावाची नव्हे, त्यामुळे भरलं तेवढंच मिळतं. उरलेले ७५ हजार मामूंनी कर्ज-ए-हसना म्हणून दिले. ते दर महिन्याला किती फेडायचे हे आम्ही कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. मामू हसले, "भाच्यांकडून लिहून घेऊ का?" आम्ही म्हटलं, "मामू, लिहून ठेवायचं शिकवलंय आपल्याला." एकूण ७ लाख ३५ हजार झाले.

त्यातले सगळे गाडीत घालायचे नाहीत, हेही शिकलो. ५५ हजार बाजूला ठेवले: विमा आणि नावावर करण्याचे २०, मुलांच्या सीटचे १८, दोन टायरचे १० आणि पहिल्या सर्व्हिसचे ७. मुलांच्या सीटचे पैसे आधी बाजूला काढले नाहीत तर शेवटी तेच उडतात. गाडी येते आणि बाळ पुन्हा मांडीवर बसतं.

दोन गाड्या का सोडल्या

पहिली गाडी चकचकीत होती. मालक म्हणाले, पूर्ण घरगुती वापर. पण मधल्या रांगेच्या सीट दबलेल्या, क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत, आणि छतावर कॅरियरच्या खुणा. मीटर मात्र ४५ हजार सांगत होता. आरटीओच्या नोंदीत पाहिलं तर ती आधी टूरिस्ट परवान्यावर होती. टॅक्सी चालवलेली गाडी वाईटच असते असं नाही, पण लपवलेली गोष्ट एकच असेल असं कोण सांगेल?

दुसरी गाडी स्वस्त होती. आमच्या गॅरेजच्या चाचांनी बॉनेट उघडण्याआधी मागचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला. आतल्या टोकाला पिवळसर मातीचा पट्टा होता. मग स्टेपनीखालचा खळगा आणि सीटच्या रुळांवरचा गंज दाखवला. गाडी पाण्यात बुडालेली होती. २२ जुलै २०२१ ला महाड-चिपळूणच्या पुरात किती गाड्या बुडाल्या ते आपल्या कोकणातल्या घरांना सांगायला नको. अशा गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येऊ शकतात. वरून काही दिसत नाही, पण वायरिंग केव्हा दगा देईल याचा भरवसा नसतो. एअरबॅगही त्याच वायरिंगवर चालते.

चाचांची आणखी काही सूत्रं लिहून ठेवण्यासारखी आहेत. गाडी सकाळी थंड असतानाच सुरू करून पाहा. सगळ्या काचांवरची सालं जुळतात का बघा, वेगळं साल असेल तर काच का बदलली ते विचारा. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आणि टेस्ट ड्राइव्ह एकट्याने करू नका, घरचे सगळे बसवून करा. रिकामी गाडी सगळ्यांचीच पळते. भरलेली गाडी कशी थांबते, ते कळलं पाहिजे.

तिसरी गाडी कल्याणच्या एका निवृत्त शिक्षकांची, २०१९ च्या शेवटी बनलेली. आम्ही सहाही जण, मुलांच्या सीट घेऊन गेलो. सीट बसवून पाहिल्या, बेल्ट पुरतो का पाहिलं. तिसऱ्या रांगेची खिडकी उघडत नाही म्हणून थोरला खट्टू झाला, तेव्हा एसीची हवा मागे पोहोचते का तेही तपासलं. ती पोहोचली नाही तर घाटात मुलांना हमखास उलटी होते. अम्मी दोनदा चढल्या-उतरल्या आणि मान डोलावली.

आम्ही काही विचारायच्या आत गुरुजी म्हणाले, "मागचं डावं दार बदललेलं आहे, खांबाला घासलं होतं. एसीचा पंखा कधी कधी आवाज करतो. पुढचे दोन टायर संपलेत. तुमच्या मेकॅनिककडे न्या, मी सोबत येतो." ७ लाख ५ हजार सांगितले होते, ६ लाख ८० हजारांत दिली.

आमची पाळी

घरी आलो तर आमच्या जुन्या गाडीला गिऱ्हाईक आलेलं. नवीन लग्न झालेलं जोडपं. त्यांनी १ लाख ७५ हजार कबूल केले होते. आमच्या गाडीचा क्लच चढावर सरकायचा, पण त्यांनी सपाट रस्त्यावरच चालवून पाहिली होती. ओळखीचा एजंट हळूच म्हणाला, "त्यांनी विचारलं नाही, तुम्ही कशाला सांगता?"

धान्याच्या ढिगाची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. रसूलुल्लाह (स.) यांनी ढिगात हात घातला, आत धान्य ओलं लागलं. विकणारा म्हणाला, पावसाने भिजलं. तेव्हा ते ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाहीस, असं त्यांनी विचारलं. दोन गाड्यांचे मालक आमच्याशी कसे वागले याबद्दल आम्ही महिनाभर तक्रार करत होतो. आता ढीग आमचा होता. आम्ही त्या जोडप्याला बोलावलं, घाटरस्त्यावर क्लच सरकतो हे सांगितलं आणि १५ हजार कमी केले. ते पैसे तेव्हा जड गेले, खोटं कशाला बोला.

कागद पुरे करा

गाडी आवडली तरी टोकन देण्याआधी परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर मालक कितवा, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का हे पाहा. ई-चलनांची थकबाकीही पाहा. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि नमुना ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. गाडी नावावर करायला नमुना २९ आणि ३० लागतात. घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी कळवावं लागतं. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. हे कुणी "मिळेल" म्हणून सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मुलांची सीट सेकंड-हँड घ्यायची असेल तर फक्त ओळखीच्या घरातून घ्या. अपघातात सापडलेली सीट बाहेरून धड दिसली तरी वापरू नये.

पहिला प्रवास

गाडी घरी आली त्या दिवशी अम्मींना एकच गोष्ट पटत नव्हती. "एवढंसं लेकरू, त्याला बांधून ठेवायचं? रडेल ते." रडलीच. पहिले तीन-चार दिवस धाकटी सीटमध्ये बसवली की आकांत करायची. आम्ही गाडी उभी करून तिला त्यात बसवू लागलो, खेळणं देऊ लागलो, मग गल्लीत एक फेरी, मग स्टेशनपर्यंत. दोन आठवड्यांत तिने सीट आपली मानली. मोठ्या गाडीपेक्षा ही सवय लावणं अवघड होतं. ज्यांना सध्या मोठी गाडी घेणं जमणार नाही, त्यांनीही तेवढं केलं तरी पुष्कळ आहे. पाच सीटच्या गाडीत पाचच जण बसवा आणि उरलेल्यांना एसटीने पाठवा.

पुढे म्हसळ्याला निघालो तेव्हा इंजिन सुरू केलं आणि सवयीने सफरची दुआ म्हणायला लागलो. अम्मींनी हात वर करून थांबवलं. आधी स्वतःचा बेल्ट लावला, मग मागे वळून प्रत्येकाकडे पाहिलं.

"सगळ्यांचे लागले का?" त्यांनी विचारलं. तिसऱ्या रांगेतून दोन आवाज आले, "हो, दादी!"

"मग आता म्हणा दुआ."